तिवईखालची घडी

१

काका पडले तेव्हा पट्टी वरच्या मजल्यावर बसून रेघा ओढत होती. धप्प असा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला, आणि ऐकूनही ती जागची हलली नाही.

आता कारखान्यात आवाजाचं कोणाला काय? फर्निचरचा कारखाना तो. दिवसभर फळ्या आपटतात, हातोड्या पडतात, कोणीतरी कोणाच्या तरी नावाने ओरडत असतं. त्यातून जेवणाची सुट्टी. माणसं मागच्या अंगणात डबे उघडून बसलेली. एखादी फळी घसरली असेल म्हणून तिने पुढची रेघ ओढली. वीस मिनिटांनी खालून हेडमिस्त्रींची हाक आली. ती हाक अशी होती की जिना उतरताना तिची एक चप्पल वरच राहिली.

काका मोठ्या बाकाशी आडवे पडले होते. लाकूड आवळून धरायला बाकाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्याच्या कोपऱ्याला रक्त होतं, आणि त्यांच्या डोक्याखालचा भुसा भिजला होता. मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्यांची मांडणी. त्या मांडणीसमोर, काकांच्या पायांपासून हातभर अंतरावर, तिवई उभी होती. अगदी सरळ, शहाण्या मुलासारखी.

ती तिवई पट्टीची होती.

पट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाच वर्षांपूर्वी कारखान्यात आराखडे काढायला आली तेव्हा हातात कायम लोखंडी पट्टी असायची, म्हणून मालकांनी, म्हणजे काकांनीच, ते ठेवलं. पाच वर्षं ती दुसऱ्यांच्या खुर्च्यांची चित्रं काढत होती. ही तिवई मात्र कोऱ्या कागदापासून तिची. तीन तिरपे पाय, वर गोल बैठक, एकही खिळा नाही. बालवर्गांच्या शाळांना गेल्या महिन्यात चारशे नग गेले होते. एक तिच्या घरीही होती. आई रोज तिच्यावर चढून माळ्यावरचे डबे काढायची.

"वरचं काही काढायला चढले असणार," हेडमिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "तीन पायांवर. मी सांगत होतो की नाही?"

पट्टी पुढे झाली. आधाराला हात गेला तो नेमका तिवईच्या बैठकीवर. हातातली गोल पेन्सिल तिथेच ठेवून ती खाली बसली, काकांचा हात हातात घेतला, आणि त्या हातात काही उरलेलं नाही हे कळलं तेव्हा मघाशी आपण काय ऐकलं तेही तिला कळलं. पेन्सिल बैठकीवर पडून राहिली. पोलीस येऊन, तोल जाऊन पडले असं लिहून निघून गेल्यावर, तिने ती सवयीने उचलून कानावर ठेवली.

घरी गेल्या गेल्या तिने आईच्या हातून तिवई ओढून घेतली आणि पलंगाखाली ढकलली.

"काय गं? वेड लागलंय का?" आई म्हणाली.

पट्टीला चारशे पोरं दिसत होती, चारशे तिवयांवर पाय हलवत बसलेली. त्यातलं एक वळून मागच्याशी बोलत होतं, एक उभं राहून खिडकीबाहेर बघत होतं. आणि प्रत्येकामागून तोच आवाज येत होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस बाई आल्या. कारखान्यात माणूस दगावला, की वस्तूत खोट होती का हे ठरवायला सुरक्षा कार्यालय त्यांना पाठवायचं. अंगाने भरलेल्या, पायांत कापडी बूट, खांद्याला पिशवी. दारातून बाकापर्यंत येईस्तोवर त्या वाटेतल्या चार खुर्च्यांवर बसून उठल्या होत्या.

"खुर्चीवर बसलं की ती काय ते सांगून टाकते," त्या म्हणाल्या. "माणसांना आधी बसवावं लागतं. बसा तुम्ही. काल काही खाल्लंत का?"

पट्टीने नाही म्हणून मान हलवली.

"बरं, आडपडदा न ठेवता सांगते. पाच वाजता मला निकाल लिहायचाय. तिवईत खोट निघाली तर चारशेच्या चारशे परत येतील आणि करवतीखाली जातील. आराखड्यावर सही तुमची आहे, म्हणजे हा मृत्यूही तुमच्या सहीखाली येईल. शाळांनी आजच तिवया उचलून पटांगणात काढून ठेवल्यात. पोरं जमिनीवर बसलीयत."

बाईंनी पेन बाकावर ठेवलं. ते घरंगळत निघालं, आणि पट्टीने त्याच्याकडे न बघताच ते कडेवरून खाली पडताना झेललं.

"इथे सगळंच घरंगळतं," ती म्हणाली. "फरशी धुतली की पाणी दारातल्या गटारात जावं म्हणून उतार ठेवलाय. मांडणीकडे उंच, दाराकडे खाली. म्हणून आम्ही सगळे पेन्सिली कानावर ठेवतो."

"मग तुमच्या तिवया इथे डुगडुगत असतील."

"चार पायांच्या वस्तू डुगडुगतात. फरशीला खड्डे आहेत, चारातला एक पाय कायम अधांतरी. तीन पाय कधीच डुगडुगत नाहीत. कुठेही ठेवा, तिन्ही टेकतात."

"पण उलटतात."

पट्टी खाली वाकली. तिने भुशात बोटाने एक त्रिकोण काढला. काल घरी वहीच्या सात पानांवर तिने हाच त्रिकोण काढला होता.

"उलटतात. हे तीन कोपरे म्हणजे पाय. माणसाचं वजन या त्रिकोणाच्या आत असेल तोवर काही होत नाही. पायाच्या दिशेने वाकलं तर मधल्यापासून कोपऱ्यापर्यंत भरपूर जागा आहे. पण दोन पायांच्या मधल्या बाजूने वाकलं तर जागा त्याच्या निम्मीच. तिथून वजन बाहेर गेलं, की संपलं."

"काकांना हे माहीत होतं?"

"नियम त्यांचाच होता. पाय कामाकडे. जिकडे हात लांबवायचा तिकडे एक पाय करायचा आणि मगच चढायचं. चारशे बैठकांच्या खाली त्यांनी ते कोरून घेतलंय."

बाई उठल्या आणि दोरी बांधलेल्या जागेपाशी गेल्या. तिवई अजून होती तिथेच होती, भुशात तीन पाय रुतवून. "मग हे बघा, आणि मला सांगा."

काल पट्टीने तिवईकडे धड बघितलंच नव्हतं, बघण्याची हिंमतच झाली नव्हती. आता बघितलं. मांडणीच्या बाजूला दोन पाय होते, एका ओळीत. तिसरा, एकटा पाय होता तो दाराकडे.

"उलटी आहे," ती हळूच म्हणाली. "ते अशी ठेवणारच नाहीत."

"काल तुम्ही काही ऐकलंत?"

हा प्रश्न येणार म्हणून ती काल दुपारपासून घाबरत होती. "ऐकलं. आणि आले नाही खाली."

"ते राहू द्या आता. आवाज किती ऐकले?"

"एक."

"तिवईवरून माणूस पडला तर दोन आवाज येतात. एक त्याचा, एक तिवईचा. आणि उलटलेली तिवई नंतर स्वतः उठून उभी राहत नाही." बाईंनी कमरेवर हात ठेवले. "काका हिच्यावर चढलेच नव्हते, बाळा. ते पडल्यानंतर कोणीतरी ही आणून ठेवलीय."

क्षणभर पट्टीला वाटलं छातीवरचं ओझं उतरलं. मग त्याच जागी दुसरं येऊन बसलं. सुट्टीत अंगणातली माणसं सगळी एकमेकांसमोर होती. तेवढ्या वेळात आत होते किंवा आत आले ते पाच जण. त्यातले काका गेले, एक ती स्वतः. उरले तीन, आणि त्या तिघांच्याही हातचा चहा ती पाच वर्षं पीत आली होती.

३

"तुम्ही माझ्यासोबत चला," बाई म्हणाल्या. "मला माणसं कळतात, लाकूड कळत नाही."

हेडमिस्त्री करवतीशेजारी काहीही न करता उभे होते. दोन माणसांच्या मापाचा देह, आणि तीन पायांची वस्तू म्हणजे कोणीतरी सुतारकामाची टिंगल केलीय असं ठाम मत.

"वखारीत गेलो होतो लाकूड बघायला," ते म्हणाले. "आलो तर हे असं."

"तिवईला हात लावलात?"

"मी त्या वस्तूला कधीच हात लावत नाही."

"तिच्यामुळेच काका गेले असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी पट्टीकडे बघितलं आणि मग नजर करवतीवर वळवली. "तसं मानलं की बरं पडतं. राग कोणावर तरी काढता येतो. तेवीस वर्षं होतो मी त्यांच्याजवळ."

पुढच्या दुकानात धाकटे बसले होते, काकांचे पुतणे. आयुष्यात पटाशी हातात धरली नव्हती, पण खुर्ची विकायला बसले की उभ्या माणसाचेही पाय दुखायला लागावेत असं बोलायचे.

"तीन पाय बघितले की गिऱ्हाईक विचारतं, चौथा कुठे विसरलात? मी काकांना सांगत होतो, चार करा. त्यावरून आमचं पंधरा दिवस बोलणं नव्हतं." ते खुर्चीत चुळबुळले, आणि खुर्ची डुगडुगली. बोलता बोलताच त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं, त्याची घडी केली आणि खाली न बघता पायाखाली सरकवली. "सुट्टीत मी इथेच होतो. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. म्हणजे सांगायला साक्षीदार नाही, कळतंय मला."

बाईंची नजर त्या घडीवर जरा जास्तच रेंगाळली. ते पट्टीने बघितलं.

पॉलिशच्या खोलीचं दार नेहमीप्रमाणे बंद होतं. पट्टीने हाक मारली तेव्हा मामांनी ते वीतभर उघडलं. "लवकर या आत. धूळ येते."

मामा म्हणजे कारखान्याचे पॉलिशवाले. तीस वर्षं याच खोलीत, स्पिरिट आणि लाखेच्या वासात. हाडं मोजून घ्यावीत असे बारीक, आवाज मऊ. मधोमध एक मोठं जेवणाचं टेबल अर्धवट चमकत उभं होतं. पट्टीला ते लेकी म्हणत, आणि ती आली की विचारण्याआधी स्टोव्हवर चहा ठेवत. आजही ठेवला. कोपऱ्यातल्या फळीवर तीन कप मांडून काठोकाठ भरले.

"दार बंद असतं, त्यात मला ऐकू कमी येतं," ते म्हणाले. "हाक आली तेव्हाच समजलं मला. ओल्या कामावर धूळ बसू द्यायची नाही आणि ते ओघळू द्यायचं नाही, एवढंच माझं शास्त्र, बाई. बाहेरच्या जगाचं मला काही ठाऊक नाही."

कप देताना त्यांचा हात थरथरत होता. चहा बशीत सांडला. त्यांनी हात पटकन फडक्याखाली घेतला आणि त्या दोघी निघाल्या तेव्हा तोच पट्टीच्या डोक्यावरून फिरवला.

"घाबरू नकोस लेकी. तुझं वय आहे. अजून खूप वस्तू करशील."

पट्टीला रडू आलं. कालपासून तिच्याशी इतक्या मायेने कोणी बोललं नव्हतं.

४

साडेचार वाजता बाईंनी तिवई पहिल्यांदा उचलली. दाराकडच्या पायाखाली, भुशात दडलेली, पुठ्ठ्याची एक घडी होती. स्क्रूच्या खोक्याचा पुठ्ठा, कारखान्यात जिथे तिथे पडलेला असतो तो. चार पदरी दुमडून नीट दाबून बसवलेला.

"तीन पाय डुगडुगत नाहीत, हे तुम्ही मला सकाळी शिकवलंत," बाई म्हणाल्या. "मग तिवईखाली पाचर कोण घालेल?"

"ज्याला ते ठाऊक नाही तो."

"हेडमिस्त्रींना ठाऊक आहे?"

"नाकारतात, पण ठाऊक आहे."

"तुम्हाला आहेच. पाय कामाकडे करायचा हेही ज्याला माहीत नाही, आणि कशाहीखाली घडी सारायची ज्याच्या हाताला सवय आहे, असा आज आपल्यासमोर एकच जण बसला होता." बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "मी पुढे दुकानात जाते. तुम्ही इथेच थांबा."

पट्टी थांबली. सुट्टी नसूनही आज सगळी यंत्रं बंद होती, आणि एवढी शांतता तिने या जागेत कधी ऐकली नव्हती. धाकटे. गोड बोलणारे, तिच्या आईची तब्येत विचारणारे धाकटे.

पण काहीतरी बसत नव्हतं. आराखडा काढताना एखादं माप चुकलं की कागद चांगला दिसूनही डोळ्याला खुपतो, तसं. धाकट्यांचा हात खुर्चीखाली गेला, कारण खुर्ची हलली. आधी हललेलं अंगाला कळतं, मग हात घडी शोधतो. तिवई हललीच नसणार. मग कोणाचाही हात तिच्याखाली जाईल कशाला?

तिने तिवई पुन्हा त्याच तीन खुणांवर ठेवली. घडी पायाखाली सरकवली. कानावरची पेन्सिल काढली आणि बैठकीवर ठेवली.

पेन्सिल जागची हलली नाही.

कालही हलली नव्हती. काकांचा हात धरायला ती खाली बसली तेव्हा याच बैठकीवर ती ठेवली होती, आणि संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. या कारखान्यात, जिथे पाच वर्षांत तिची एकही पेन्सिल कशावरही टिकली नव्हती.

पट्टीने वाकून घडी काढून घेतली. पेन्सिल घरंगळली, कडेवरून खाली पडली आणि टकटक करत दाराकडे गेली.

डुगडुगण्याशी त्या घडीचा संबंधच नव्हता. फरशी दाराकडे उतरते, म्हणून बैठकही उतरते. बैठक पाण्यासारखी सपाट व्हावी म्हणून ती घडी होती. आणि एका घडीत काम भागवायचं तर उताराच्या बाजूला एकच पाय हवा, दोन असले तर दोन घड्या लागतात. म्हणून तो एकटा पाय दाराकडे. ज्याने तिवई ठेवली तो अडाणी नव्हता. त्याला वस्तू तिरकी सोडताच येत नव्हती. काका बाजूला मरून पडलेले असताना, जीव मुठीत धरून पळायची वेळ असताना, त्याच्या हातांनी आधी बैठक सपाट केली होती.

ओघळू द्यायचं नाही, एवढंच माझं शास्त्र.

काठोकाठ भरलेले तीन कप तिच्या डोळ्यांसमोर आले. उतरत्या फरशीवरच्या खोलीत, त्या फळीवर, कोणत्याच बाजूने न सांडता उभे राहिलेले. चहा सांडला तो कप त्यांच्या हातात आल्यावर.

"लेकी," मागून मऊ आवाज आला. "जरा आत येतेस? तुझ्या डोळ्यांचं काम आहे."

५

नाही म्हणायला तिला काही कारण सुचलं नाही. भीतीने माणूस पळतो असं म्हणतात. पट्टीच्या हातातली घडी तिवईपाशीच पडली, आणि तिचे पाय मात्र सांगितल्यासारखे त्यांच्यामागून गेले.

मामांनी दार लावलं आणि कडी घातली.

"धूळ," ते म्हणाले.

खोलीला खिडकी एकच, तीही वरती. स्पिरिटचा वास डोक्यात जात होता. मामांनी स्टोव्हजवळची काड्यापेटी उचलली, बघितली, परत ठेवली. पट्टीची पाठ दाराला लागली होती आणि कडी तिच्या खांद्यात रुतत होती.

"पेन्सिल पडली ना तुझी?" ते म्हणाले. "ऐकली मी."

बंद दाराआडून त्यांनी पेन्सिल पडलेली ऐकली होती. म्हणजे ऐकू कमी येतं हे खोटं होतं; काल ते खरंच आत असते तर तो धप्प आवाज त्यांनाही ऐकू आला असता.

मामा तिच्याकडे आले नाहीत. ते टेबलाच्या पलीकडे गेले आणि वॉर्निशचा डबा उघडला.

"शेवटचा हात राहिलाय. मधे सोडलं तर जोड दिसतो. एवढं करू दे."

त्यांनी ब्रश बुडवला आणि एका कडेपासून ओढायला सुरुवात केली. बोलत होते ते टेबलाशी.

"काल सुट्टीत काकांनी मला बाकाशी बोलावलं. म्हणाले, तुमचा हात कापतो आता, कामात रेघा येतात. कामावरच्या पोरांनी दोनदा तुमचं पॉलिश पुन्हा करून दिलंय, तुम्हाला सांगितलं नाही. उद्यापासून घरी बसा, फवाऱ्याचं यंत्र येतंय. चांगलंच बोलत होते, हसत होते. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी. घरी बसून मी काय करू, लेकी? घरी माझं आहे कोण? मी तो हात झटकला. झटकला की ढकललं, ते मलाच सांगता येणार नाही. ते मागे गेले आणि शिकंज्यावर आपटले."

ब्रश टोकाला पोचला. त्यांनी तो पुन्हा बुडवला.

"मग मी इतका घाबरलो की मला माझंच नाव आठवेना. समोर तुझी तिवई होती. सगळे म्हणतच होते, ही कोणाला तरी पाडणार. आणली, ठेवली. सरळ बसेना म्हणून घडी घातली. का घातली विचारशील तर माहीत नाही. इथे परत येऊन दार लावलं तेव्हा ती घडी आठवली. तोवर हेडमिस्त्री आत आले होते."

"माझी तिवई," पट्टी म्हणाली. आवाज तिचा नव्हताच जणू.

"तू तरुण आहेस. वाटलं, तुला दुसरीकडे काम मिळेल."

सकाळी डोक्यावरून फिरलेला हात तिला आठवला, आणि त्या हाताखाली आपल्याला रडू आलं होतं हेही. तेव्हाच तिची भीती कशात तरी बदलली. राग असावा तो, पण त्याला उभं राहायला जागा मिळेना. समोरचा माणूस तिच्याइतकाच घाबरलेला होता, कालपासून, या बंद खोलीत एकटा.

शेवटचा पट्टा ओढून मामांनी ब्रश खाली ठेवला. टेबल आरशासारखं झालं होतं. त्यांनी डोळे बारीक करून त्यावर बघितलं, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली.

"म्हणून बोलावलं तुला. मला आता नीट दिसत नाही. तू सांग, रेघ दिसतेय का?"

टेबलाच्या मधोमध, टोकापासून टोकापर्यंत, एक थरथरती रेघ होती. काका खोटं बोलले नव्हते. पट्टीने हो म्हणायला तोंड उघडलं आणि तिला वाटलं, हा शब्द आपण उच्चारला तर दुसऱ्यांदा कोणाला तरी मारल्यासारखं होईल.

"दिसतेय, मामा."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते हात पुसत राहिले, एकेक बोट वेगळं. मग तिच्या शेजारून हात लांब करून त्यांनी कडी काढली, आणि ती डोळे मिटून उभी राहिली.

दाराबाहेर बाई उभ्या होत्या, धाकटे त्यांच्यामागे. बाईंच्या एका हातात पुठ्ठ्याची घडी होती, दुसऱ्या हातात पट्टीची पेन्सिल.

"मी दुकानातून परत आले," त्या हळूच म्हणाल्या, "आणि ही दारात पडलेली दिसली. म्हटलं, कुठून आली ते बघावं. म्हणून तिवईवर ठेवून पाहिली, आधी घडी घालून, मग काढून."

"दार लावून घ्या," मामा म्हणाले. "ओलं आहे अजून."

६

मामांनी सगळं पुन्हा एकदा सांगितल्यावर, पाच वाजून दहा मिनिटांनी बाईंनी निकाल लिहिला. वस्तू निर्दोष. सही करताना पेन बाकावरून घरंगळलं, आणि या वेळी ते त्यांनी स्वतःच झेललं. हेडमिस्त्रींनी दोरीतली तिवई उचलून उलटी केली, बैठकीखाली कोरलेलं वाचलं आणि ती स्वतःच्या जागेजवळ नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळांच्या पटांगणातल्या तिवया आत गेल्या.

पट्टी घरी पोचली तेव्हा आई माळ्याखाली टाचा उंचावून उभी होती, बोटं डब्याला पुरत नव्हती.

"तुझी ती तिवई दे बरं आधी. मान मोडली माझी."

पट्टीने पलंगाखालून तिवई ओढून काढली आणि जागेवर ठेवली. पेन्सिल बैठकीवर ठेवून बघितली. घरची फरशी तरी कुठे सरळ होती? पेन्सिल खाली गेली.

"तिरकी वाटते जरा," आई म्हणाली. "पुठ्ठ्याची घडी घालू का खाली?"

"नको," पट्टी म्हणाली, इतक्या जोरात की आईने वळून बघितलं. मग तिने आवाज खाली आणला. "असू दे तिरकी. पडत नाही ती."

तिने एक पाय माळ्याकडे केला. आई चढली, डबा काढला, बोलत बोलत दुसरा काढला, मग झाकण सापडेना म्हणून वरतीच उभी राहून शोधत बसली. ती खाली उतरेपर्यंत पट्टीने तिवई दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. धरायची काहीच गरज नव्हती, आणि ते तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.